बंद दुकानातला धूर

"पूलवर कोणी भरोसा ठेवू नये," उखर्डू नावाड्यानं जाहीर केलं. "पूल माणूसले पलीकडे टाकी देस. पोचाडस ती नाव."

वाक्य मोठं होतं आणि सकाळच्या गार वाळूत ते शोभूनही दिसलं. उखर्डू त्या वेळी नाव बांधायच्या जुन्या खुंट्यावर बसून तापीकडे बघत होता. समोर त्याची बायको सुंदरबाई कमरेइतक्या खड्ड्यात उभी राहून झिऱ्यातला गाळ डब्यानं उपसत होती. तिनं वर न बघता विचारलं, "बोलणं व्हई गयं का?"

"व्हई गयं."

"मंग शेणनी पाटी उचला."

उखर्डूनं पाटी उचलली. पूल होऊन सहा पावसाळे झाले होते आणि नाव आता त्याच्याकडे उरली नव्हती. ती तीन वर्षांमागच्या पुरात सुटली आणि सुरतेच्या बाजूनं गेली. गावातले लोक म्हणत, उतारखेड्यातून पूल न ओलांडता बाहेर पडलेली ती शेवटची वस्तू. त्याच पुरात उखर्डूचं झोपडंही गेलं, पण ते फार लांब गेलं नसावं, कारण त्याबद्दल कोणी काही म्हणत नसे.

नाव होती तेव्हा उतारखेडं हे गाव होतं. चोपड्याकडच्या गाड्या इथून पलीकडे उतरत. घाटावर चहा होता, न्हावी होता, कासार बसायचा, झुंबरलाल शेठचं किराणा दुकान होतं. पूल चार कोस वर झाला आणि महिन्याभरात न्हावी उठला. मग चहा, मग कासार. झुंबरशेठनं एक दिवाळी वाट पाहिली. मग दुकानाच्या दाराला मुठीएवढं पितळी कुलूप घातलं, भावाच्या, लखीचंदच्या, मागे फैजपूर गाठलं, आणि तेव्हापासून तोंड दाखवलं नव्हतं.

उखर्डूचं कुटुंब आता तापीच्या वाळूत टरबूज-डांगराची वाडी करायचं. वाळूत चर खणायचे, चरात शेणखत घालायचं, बी लावायचं आणि वेलाच्या मुळाशी डब्या-डब्यानं पाणी घालत बसायचं. यंदा चैत्र लागायच्या आतच पाणी मागं सरलं होतं. झिरा रोज हातभर खाली जायचा, सुंदरबाई रोज त्याच्या मागं हातभर खाली जायची. वेलांची पानं दुपारी कान पाडायची. मुलगा पुना जळगावला डाळमिलमध्ये पोती वाहत होता. सून बेबाबाई दुसऱ्या खेपेला दिवसांत होती, नववा लागला होता; पहिलं पोर आजोळी ठेवलं होतं. तिला वाडीवर आणणं बंद केलं होतं. ती घरी पडून असायची.

घरी म्हणजे झुंबरशेठच्या दुकानात.

याचं असं झालं होतं. झोपडं गेलं त्या रात्री वरून पाऊस, खालून पाणी. गावात कोरडी जागा एकच, शेठचं दुकान, उंच जोत्यावरचं, सागवानी तुळयांचं. पण दाराला कुलूप. कुलूप तोडणं म्हणजे चोरी, आणि उखर्डूच्या घराण्यात कोणी चोरी केली नव्हती. त्यानं मागच्या भिंतीच्या चार मातीच्या विटा काढल्या, मग आणखी चार काढल्या. माणूस आडवं होऊन जाईल एवढं भगदाड झालं आणि सगळे आत गेले. चार दिवसांसाठी. पुढं चार दिवस लांबले, एवढंच. कुलपाला मात्र त्यानं बोट लावलं नाही. उलट दर दसऱ्याला तो पुढच्या बाजूला येऊन कुलपाला तेल देई, झेंडूचं फूल वाही, आणि मागून घरात जाई.

तर शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उखर्डू वळला, तेव्हा गाडरस्त्यानं एक पांढरं धोतर येताना दिसलं. वर छत्री. छत्रीखाली पोट. पोटाच्या चालीवरून उखर्डूनं माणूस ओळखला आणि पाटी होती तिथंच खाली ठेवली.

"काय शे?" सुंदरबाईनं खड्ड्यातून विचारलं.

"झुंबरशेठ."

डब्याचा आवाज थांबला.

"कसाले उना व्हई?"

"माले काय माहीत?"

"मंग इचारा जाईसन."

का आलात, हे विचारायचं कसं? इथंच सगळी अडचण होती. नावाड्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला काम विचारायचं नाही, ही त्याच्या घराण्याची रीत. नावेत कोणी मयतीला निघालेलं असतं, कोणी पोरीला स्थळ बघायला, कोणी भांडून. कुठं म्हणून हटकलं की माणसाचं काम बिघडतं आणि पाप नावेला लागतं. उखर्डूच्या बापानं एकदा रक्तानं भरलेल्या सदऱ्याच्या माणसालाही विचारलं नव्हतं. ते पलीकडे गेल्यावर पोलिसांनी विचारलं. नाव गेली, पण रीत राहिली होती. उखर्डूजवळ नावाड्याचं म्हणून आता दुसरं काही उरलंही नव्हतं.

तो दुकानापाशी पोचला तेव्हा शेठ ओट्यावर टेकले होते. छत्री मिटून मांडीवर आडवी. पायातली वहाण काढून अंगठा चोळत होते.

"राम राम, शेठ."

"राम राम, उखर्डूभाऊ. वाळलास."

"तुम्ही भरनात."

दोघांनी थोडा वेळ नदीकडे बघितलं. नदीकडे बघायला फारसं काही नव्हतं.

"पाणी लवकर गेलं यंदा," शेठ म्हणाले.

"गयं."

"टरबूज?"

"शे थोडं."

शेठनी मान हलवली. मग मान मागं टाकून वर बघितलं. कौलांच्या फटीतून निळा धूर निवांत वर चालला होता. बेबाबाईनं भाकरी टाकल्या होत्या.

"दुकानातून धूर येतोय," शेठ म्हणाले.

उखर्डूनंही वर बघितलं, जणू पहिल्यांदाच. "तापीनं धुकं शे," तो म्हणाला.

"चैत्रात?"

"आते बठ्ठं बदली गयं, शेठ. पूल व्हयना तैपासून."

शेठनी पुन्हा मान हलवली. कुलूप हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला. "तेल कोणी दिलं?"

"गंजी जास ना," उखर्डू म्हणाला.

शेठनी कुलूप सोडून दिलं. किल्ली काढली नाही. ते ओट्यावर पाय पसरून बसले ते बसलेच.

ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही, कारण गाव उरलंच होतं केवढं. शेजारचा सुकदेव आला. सुकदेवचा कडबा उखर्डूच्या परवानगीनं शेठच्या माजघरात होता, त्यामुळे त्याला काळजी करायचा हक्क होता. तो उखर्डूला भिंतीआड घेऊन गेला.

"सोनं शे," सुकदेव म्हणाला.

"कोठे?"

"दुकानमा. पुरेल व्हई. नही ते मारवाडी माणूस एवढा उन्हामा पायी येस का?"

"मी तीन साल आतमा ऱ्हास. माले दिसतं ना."

"खोल पुरेल व्हई." सुकदेवनं आवाज आणखी खाली आणला. "म्हणीसन तो कुलूप खोलत नही. तुम्हनी जावानी वाट देखी ऱ्हायना."

भागाबाई, सुकदेवची आई, दारातूनच म्हणाली की सोनं-बिनं काही नाही, शेठ पंचनाम्याला माणूस आणणार आहेत. साक्रीकडे तिच्या भाचीच्या गावात असंच झालं होतं. काय झालं होतं, हे तिला आठवत नव्हतं, पण चुलीसकट बाहेर काढलं होतं एवढं पक्कं.

उखर्डू भगदाडातून घरात शिरला. आत बेबाबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. पावलं सुजून तवा झाली होती. शेळी तिच्या शेजारी.

"मामाजी, कोण शे बाहेर?" तिनं कुजबुजत विचारलं. तिच्या पाठीपासून हातभरावर दाराच्या फळ्या, आणि फळ्यांच्या पलीकडे शेठची पाठ. दोघांच्या पाठी एकमेकींना टेकल्यासारख्याच होत्या.

"मालक," उखर्डू म्हणाला.

बेबाबाईनं पोटावर हात ठेवला. मग उठून चुलीतली लाकडं ओढून राखेत दाबली. धूर जास्तच झाला. बाहेर शेठ दोनदा खोकले.

दुपारभर त्या घरानं आवाज न करता संसार केला. पाण्याचा हंडा भगदाडातून आत घेताना भिंतीला लागून वाजला, तेव्हा उखर्डू बाहेर धावत जाऊन उगाच सुकदेवच्या गाडीच्या चाकावर दगड मारत बसला, म्हणजे आवाज तिथला वाटावा. शेळीनं तोंड उघडलं की बेबाबाई तिच्या तोंडात पाला कोंबायची. शेळीला एवढं खायला जन्मात मिळालं नव्हतं. तिनं ते ओळखलं आणि मिनिटामिनिटाला तोंड उघडू लागली.

शेठ ओट्यावरून उठून दुकानाच्या पुढच्या अंगानं फिरले. वितीनं दार मोजलं. बोटाच्या पेरानं चौकट वाजवली, कान लावला. छत्रीचं टोक वळचणीत खुपसून वासा टोचून बघितला आणि टोकाला लागलेला भुसा नाकाशी नेला. मागच्या बाजूला मात्र गेले नाहीत. कोपऱ्यापर्यंत जात, थांबत, परत फिरत. उखर्डू हे सगळं कडुनिंबाखाली बसून, वळत नसलेली दोरी वळत, बघत होता.

दिवस कलायला लागला तशी सुंदरबाई वाडीवरून आली. केसांत वाळू, नखं पांढरी पडलेली. तिनं एकदा शेठकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हाऊ दिन बुडाना पहिले जेवस. आते काय खाई?"

शेठनी दशमी बरोबर आणली होती. पण सुंदरबाईनं सुकदेवच्या चुलीवर ताज्या भाकरी केल्या, कांदा-लसणाला हात न लावता दाळ केली आणि ओट्यावर नेऊन ठेवली. खाणाऱ्याच्या तोंडून काम बाहेर पडतं, असा तिचा हिशेब होता. शेठ जेवले. दाळ दोनदा घेतली. पाणी स्वतःच्या फडक्यानं गाळून प्यायले.

"फैजपूरची दाळ शिजत नाही अशी," ते म्हणाले.

"पाणीना फरक," सुंदरबाई म्हणाली आणि वाट बघत उभी राहिली.

शेठनी हात धुतले. "उद्या सकाळी बघू," म्हणाले, आणि ओट्यावर धोतराचं टोक अंथरून आडवे झाले.

आता 'बघू' म्हणजे काय बघू, यावर घरात कोणी बोलू शकलं नाही, कारण शेठचं डोकं फळीला लागून होतं.

उजाडल्यावर शेठच वाडीवर आले. वहाणा हातात, धोतर वर खोचलेलं, वाळूत पाय रुतवत. सुंदरबाई झिऱ्यात उतरली होती. आज पाणी आणखी खाली होतं आणि डबा तळाला खरडत होता. उखर्डू वरून डबे घेऊन वेलांना घालत होता. एका आळ्यात एक डबा. वाळू तो एका घोटात पिऊन टाकायची. शेठ बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं पाणी घालून टरबूज किती येतं?"

"येस तेवढं येस."

"पलीकडच्या बाजाराला कसं नेता?"

"नेत नही. पूलवरथून जा म्हणजे चार कोस जा नि चार कोस ये. टरबूज पोचास, पन फुटी जास."

शेठ वाकले. एका आळ्यातलं पान त्यांनी बोटानं उचललं, सोडलं. ते पुन्हा कान पाडून पडलं.

सुंदरबाई खड्ड्यातून वर आली. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हातात डबा तसाच. तिनं डबा नवऱ्याच्या पायाशी आपटला.

"आते तुम्ही इचारतस का मी इचारू?"

"सुंदरे."

"नावाडी नही इचारत, माहीत शे. नाव कोठे शे? दाखाडा माले नाव. सुनना नववा महिना शे. काल दिनभर तिनी खोकला दाबा. तुम्हनी रीत बाळंतपण करनार का?"

उखर्डूनं खुंट्याकडे बघितलं. खुंटा तसाच होता, त्याला काही बांधलेलं नव्हतं. त्यानं धोतराला हात पुसले. त्याच्या आयुष्यात हे वाक्य त्यानं कोणालाही विचारलं नव्हतं आणि ते तोंडात नीट बसेना.

"शेठ," तो म्हणाला, "तुम्ही... कसाले उनात?"

शेठचा चेहरा एकदम सैल पडला. कोणीतरी पाठीवरचं पोतं उतरवून घ्यावं तसा.

"कालपासून वाट बघतोय कोणी विचारेल म्हणून," ते म्हणाले. "आपल्या तोंडानं कसं सांगायचं?" ते वाळूतच बसले. "लखीचंद फैजपूरला माळा चढवतोय. म्हणतो, उतारखेड्याच्या दुकानाच्या तुळया सागवानी आहेत, उतरवून आणू. मी म्हटलं, बघून येतो, वाळवी लागली असेल तर गाडीभाडं फुकट. चांगल्या निघाल्या तर येत्या आठवड्यात गाड्या पाठवतो म्हणाला."

सुंदरबाई खाली बसली. छप्पर जाणार, हे तिला तुळया या शब्दालाच कळलं होतं.

"मंग देख्या का नही काल?" उखर्डूनं विचारलं. एकदा विचारल्यावर आता त्याला सोपं जात होतं.

शेठनी इकडंतिकडं बघितलं. वाळूत दुसरं कोणी नव्हतं. तरी आवाज खाली आणून म्हणाले, "किल्ली हरवली."

"काय?"

"जागा बदलली, त्यात गेली. घरात कोणाला बोललो नाही. दुकानाची किल्ली हरवलेला माणूस म्हणून बाजारात काय पत राहते? आणि कुलूप तोडायचं नाही. आमच्यात कुलूप फक्त जप्तीवाला तोडतो. दिवाळं निघालेल्याचं. भर गावात मी माझ्याच दुकानाचं कुलूप तोडलं असतं तर संध्याकाळी फैजपुरात झुंबरलाल बुडाला म्हणून पेढे वाटले असते."

"वाटतस का?" सुंदरबाईनं विचारलं.

"लखीचंद वाटेल," शेठ म्हणाले.

मग उखर्डूनं घसा साफ केला. "शेठ, आम्ही आतमा ऱ्हातस."

"माहीत आहे."

"कैपासून माहीत शे?"

"धुक्याला ज्वारीच्या भाकरीचा वास येत होता."

तिघं गावात आले. मागच्या बाजूला गेले. शेठ भगदाडासमोर उभे राहून बराच वेळ बघत राहिले, जणू दुसऱ्याच कोणाच्या दुकानाचं आहे. मग पागोटं काढून उखर्डूच्या हातात दिलं, गुडघ्यावर बसले आणि डोकं आत घातलं. खांदे गेले. पोटापाशी काम थांबलं.

"श्वास सोडा," उखर्डू आतून हात ओढत म्हणाला. तो लगतच्या सुकदेवच्या घरातून, मधल्या भिंतीवरून आत उतरला होता. हा दुसरा रस्ता शेठना आत्ताच कळला.

"सोडलाय."

"आखो सोडा."

बाहेरून सुंदरबाईनं शेठच्या पाठीला दोन्ही तळवे लावले. सुकदेव आणि भागाबाई येऊन उभे होतेच. "मनी सून नववा महिनामा जास याच भोकमाईन," सुंदरबाई स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाली. "तुम्हले कितवा लागना?"

शेठ आत पडले. दोन विटाही त्यांच्याबरोबर पडल्या.

उठून बसले तर समोर बेबाबाई, पदर नाकापर्यंत, पोट गुडघ्यांपर्यंत, एक हात शेळीच्या तोंडावर. परक्या बाईकडे बघू नये म्हणून शेठनी मान एकदम वर केली, आणि त्यामुळे तुळया दिसल्या. धुरानं काळ्या कुळकुळीत झालेल्या. एक किडा नाही, एक भोक नाही. बाहेरच्या वळचणीचे वासे भुसा झाले होते, पण आत तीन वर्षं चूल पेटलेली होती आणि तुळया तेल प्यायल्यासारख्या चकाकत होत्या. शेठनी छत्री मागवली. उखर्डूनं ती भगदाडातून घेऊन दिली. शेठ छत्रीच्या टोकानं एकेक तुळई वाजवत गेले. एकेक तुळई घंटेसारखी बोलली.

सुंदरबाई भगदाडातून डोकं घालून बघत होती. तिच्या चेहऱ्याचा रंग दर टोल्याला उतरत गेला.

शेठ खाली बसले. जिथं त्यांची गादी असायची तिथं आता जातं होतं. जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून ते फळ्यांच्या फटीतून येणारं ऊन बघत राहिले.

"लखीचंदच्या माळ्यावर तीन खोल्या होणार," ते म्हणाले. "दोन त्याच्या पोरांना, एक पाव्हण्यांना. माझी खाट जिन्याखाली आहे. तिथंच राहणार."

त्यांनी छत्रीच्या टोकाला लागलेली काजळी धोतराला पुसली.

"वाळवीनं खाल्लंय सगळं," शेठ म्हणाले.

उखर्डू चमकला. त्यानं वर बघितलं. "नही, शेठ. लोखंड शे लोखंड, दखा ना..."

सुंदरबाईनं भगदाडातून हात लांबवून त्याच्या पोटरीला चिमटा काढला. तो तसाच तोंड उघडं ठेवून थांबला.

"खाल्लंय," शेठ म्हणाले. "गाडीभाडंसुद्धा सुटायचं नाही. लखीचंदला तसंच सांगतो."

सुंदरबाईचं समाधान झालं नव्हतं. फुकटात छप्पर देणारा वाणी तिनं पाहिला नव्हता, आणि हा तर उठायचं नावही काढत नव्हता. तिनं डोळे बारीक केले.

"आनी तुम्हले काय पाहिजे?" तिनं विचारलं. विचारायची रीत आता घरात रुळलीच होती.

शेठनी भगदाडाकडे बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडे.

"दर सालाला एकदा यावं लागेल. वाळवी बघायला," ते म्हणाले. "तेवढं हे वीतभर रुंद करून ठेवा."